महिनाभर उघडणारी फुलं : टोकियोचं नेझू संग्रहालय कसं बघावं

जपानला जाऊन आलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे जुनी ५,००० येनची नोट असेल तर ती मागून घ्या आणि उलटी करून बघा. २००४ मध्ये निघालेल्या त्या नोटेच्या पाठीवर निळ्या आयरिसच्या फुलांचा ताटवा आहे. जपानीत या फुलाला काकित्सुबाता म्हणतात. मूळ चित्र ओगाता कोरिन या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं. ते टोकियोच्या मिनामी-आओयामा भागातल्या नेझू संग्रहालयात आहे. ‘आहे’ म्हणजे त्यांच्या मालकीचं आहे. तुम्ही ऑक्टोबरात गेलात तर ते तुम्हाला दिसणार नाही. जानेवारीत नाही, जुलैतही नाही. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, वर्षातून साधारण महिनाभर ते बाहेर काढतात. उरलेले अकरा महिने ते पेटीत असतं.

आपल्याला हे पचायला जड जातं. लूव्हरमध्ये गेलं की मोनालिसा असतेच, हे आपण गृहीत धरलेलं असतं. संग्रहालय म्हणजे वस्तू कायमची भिंतीवर टांगून ठेवायची जागा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जपानची आणि एकूण पूर्व आशियाची जुनी कला मात्र कायम टांगण्यासाठी बनलेलीच नव्हती. चित्र गुंडाळता यायचं, पडदा घडी घालता यायचा, वाडगा पेटीत जायचा. प्रसंग आला की काढायचं, चार जणांनी बघायचं, परत ठेवायचं. घरात गौरींचे मुखवटे वर्षभर डब्यात आणि तीन दिवस बाहेर असतात, त्याबद्दल कुणी तक्रार करतं का? तसंच हे. एवढं लक्षात ठेवून गेलं, तर आत दिसणाऱ्या बऱ्याचशा विचित्र गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

फुलं आहेत, पूल कुठे गेला?

आधी त्या चित्राकडेच वळू, कारण संग्रहालयाचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं.

चित्र म्हणजे घडीच्या पडद्यांची जोडी आहे. अशा पडद्याला ब्योबू म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘वारा अडवणारा’. प्रत्येक पडद्याला सहा पानं, उंची साधारण दीड मीटर, लांबी तीन मीटरहून जास्त. मागे सगळा सोन्याचा वर्ख. त्यावर फक्त दोन रंग: निळा आणि हिरवा. दोन्ही रंग तांब्याच्या खनिजांचे, निळा अझुराइट दळून केलेला आणि हिरवा मॅलकाइट दळून. जमीन नाही, पाणी नाही, आकाश नाही, माणूस तर नाहीच.

त्या काळच्या क्योतोतल्या शिकलेल्या माणसाला मात्र हे बघताक्षणी एक गोष्ट आठवत असे. ‘इसे मोनोगातारी’ या हजारेक वर्षांपूर्वीच्या कथासंग्रहात एक दरबारी क्योतो सोडून पूर्वेकडे निघतो. वाटेत यात्सुहाशी नावाची जागा लागते. ओढा कोळ्याच्या पायांसारखा फुटलेला, त्यावर आठ पूल. मंडळी झाडाखाली बसून शिदोरीतला सुकवलेला भात खात असतात. शेजारी काकित्सुबाता फुललेली. कुणीतरी म्हणतं, या फुलाच्या नावातलं एकेक अक्षर ओळीच्या सुरुवातीला घेऊन प्रवासावर कविता कर. तो करतो. का, कि, त्सु, हा, ता अशा पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या पाच ओळी. (जुन्या लिपीत ‘हा’ आणि ‘बा’ एकाच अक्षराने लिहीत, म्हणून ते चालून जातं.) अंगावरच्या वस्त्रासारखी सवयीची झालेली बायको मागे राहिली आणि आपण केवढ्या लांब आलो, असा त्याचा आशय. ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांतून असं पाणी येतं की सुका भात त्यात भिजून फुगतो.

फुगलेल्या भाताचा तो तपशील मला फार आवडतो. रडूही आणि थोडं हसूही.

कोरिनने यातलं काय घेतलं? फक्त फुलं. पूल गाळला, ओढा गाळला, रडणारी माणसं गाळली. बघणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे, मग सांगायची कशाला? पुढे त्याने याच विषयावर दुसरी जोडी रंगवली आणि तिच्यात पूल घातला. ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. २०१२ मध्ये दोन्ही जोड्या नेझूमध्ये एकत्र मांडल्या होत्या. माझं मत विचाराल तर बिनपुलाची जास्त धीट आहे.

कोरिन (१६५८–१७१६) क्योतोतल्या किमोनोच्या कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. नक्षीचं डिझाइन एकदा बेतायचं आणि कापडभर पुन्हा पुन्हा उमटवायचं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पडद्यावरचे ताटवे नीट न्याहाळा. काही झुपके हुबेहूब तेच, जागा बदलून परत आलेले सापडतात. साचा वापरून आकृती उचललेली दिसते. एवढ्या मोठ्या चित्रात हे शोधायला मुलं बरोबर असतील तर फार उपयोगी पडतात, त्यांना ते आपल्याआधी दिसतं.

आता पडदा बघायचा कसा, तेही सांगतो. पहिलं, उजवीकडून डावीकडे. जपानी लिखाण वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातं, आणि चित्रंही त्याच दिशेने उलगडतात. दुसरं, खाली वाका. ब्योबू तातामीच्या चटईवर बसलेल्या माणसासाठी असतो. उभं राहून बघताना आपण त्याच्याकडे वरून बघत असतो. गुडघ्यात वाकलं की ताटवे एकदम डोळ्यासमोर उभे राहतात. उजव्या पडद्यावर झाडं बरीचशी बुडापासून दिसतात, डाव्या पडद्यावर काही ताटव्यांची बुडं खालच्या कडेला कापली गेली आहेत. वाकल्यावर हा फरक जाणवतो. तिसरं, चालत बघा. पडदा सपाट नसतो, नागमोडी उभा असतो. सहा पानांपैकी एक आपल्याकडे येतं, दुसरं दूर जातं. चालताना वर्खावरचा उजेड सरकतो आणि फुलं जवळ-लांब होतात. म्हणून छापील फोटोत हे चित्र अर्धंच येतं. पूर्वी तर ते समईसारख्या मंद, हलत्या ज्योतीच्या उजेडात पाहिलं जायचं.

अकरा महिने पेटीत का?

पहिलं कारण साधं आहे. कागद, रेशीम, सरस आणि वनस्पतींचे रंग उजेडाने झिजतात, आणि ही झीज साठत जाते. पाच वर्षं मंद उजेड आणि एक वर्ष प्रखर उजेड यांचा हिशेब शेवटी एकाच वहीत मांडला जातो. आत इतका अंधार का, हा प्रश्नही इथेच सुटतो. कागद आणि रेशमावरच्या कामांसाठी जगभरातली संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात. आपल्या ऑफिसातल्या टेबलावर त्याच्या कितीतरी पट असतो. आत शिरल्यावर लगेच काचेशी जाऊ नका. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या, मग जे दिसेल ते वेगळं असेल.

दुसरं कारण सरकारी आहे. जपानमध्ये महत्त्वाच्या जुन्या वस्तूंना ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ असा दर्जा मिळतो आणि त्यातल्या निवडक वस्तूंना ‘कोकुहो’, म्हणजे राष्ट्रीय ठेवा. इमारती धरून असे ठेवे देशभरात अकराशेच्या आसपास आहेत, नेझूकडे सात. राष्ट्रीय ठेवा म्हणजे सरकारच्या मालकीची वस्तू असा अर्थ होत नाही. ती खासगी माणसाची, देवळाची, ट्रस्टची असू शकते. फक्त ती देशाबाहेर विकता येत नाही, आणि ती किती दाखवायची यावर नियम येतात. सांस्कृतिक विभागाच्या नियमावलीप्रमाणे अशी वस्तू वर्षातून दोनदापेक्षा जास्त आणि एकूण ६० दिवसांपेक्षा जास्त मांडायची नाही, हा मूळ दंडक. फार नाजूक असेल तर ३० दिवस. दगड, धातू, मातीची भांडी यांना २०१८ मध्ये सवलत मिळाली, ती १५० दिवसांपर्यंत ठेवता येतात. कोरिनच्या पडद्यांचा महिना या हिशेबात बसतो.

हे दर्जे देणारा कायदा १९५० चा. त्याच्यामागे एक आग आहे. २६ जानेवारी १९४९ ला नारा भागातल्या होर्यू-जी मठाचं मुख्य सभागृह पेटलं आणि तिथली सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं जळून काळवंडली. सारा देश हळहळला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. या चित्रांचं नाव निघालं की अभ्यासक लगेच अजिंठ्याचं नाव घेतात. बोधिसत्त्वाची ती जड पापण्यांची नजर, अंगाला दिलेला बाक, बाह्यरेषा, हे सगळं चीनमार्गे तिथवर पोचलेल्या त्याच परंपरेतलं आहे. आणि यात एक माणूस असा आहे की ज्याची गोष्ट आपल्याकडे जास्त सांगितली जायला हवी. आराई कांपो नावाचा जपानी चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून १९१६ मध्ये भारतात आला आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्याने भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या टोकियोत ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या गेल्या. १९४० मध्ये होर्यू-जीच्या चित्रांच्या प्रतिकृती काढायचं काम निघालं तेव्हा त्यातही कांपो होता. १९४५ मध्ये तो वारला. ते काम चालू असतानाच १९४९ ची आग लागली.

अशा देशात वस्तू पेटीत ठेवण्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. खुद्द नेझूची वास्तू मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. संग्रह त्याआधीच दुसरीकडे हलवला होता, म्हणून वाचला.

गुंडाळलेली चित्रं आणि कापलेलं चित्र

पडद्यानंतर दुसरा मोठा प्रकार म्हणजे गुंडाळीची चित्रं. त्यात पुन्हा दोन जाती. आडवी असते ती एमाकी, गोष्टीची गुंडाळी. ती कधीच सबंध उघडत नाहीत. डाव्या हाताने उलगडायची, उजव्या हाताने गुंडाळायची, दोन्ही हातांमध्ये खांद्याएवढ्या रुंदीचा तुकडा दिसतो, तेवढाच त्या क्षणाचा प्रसंग. संग्रहालयात काचेखाली चार-पाच मीटर एकदम पसरलेली दिसली तर दोन्ही बाजूंना हाताचा आडोसा करून बघा. गोष्ट पुन्हा चालायला लागते.

उभी असते ती काकेजिकु. ती घरात तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात टांगायची. मोसम बदलला की चित्र बदलायचं. पाहुणा कोण आहे त्यावरूनही बदलायचं. चित्राभोवतीच्या जरीच्या कापडाकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. करू नका. पिढ्यान्‌पिढ्या मालकांनी चित्राला नवं कापड चढवलेलं असतं, आणि ते कधीकधी चित्राइतकंच जुनं, चित्राइतकंच बोलकं असतं.

नेझूमधली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी काकेजिकु म्हणजे नाची धबधब्याचं चित्र, तेरा-चौदाव्या शतकातलं, राष्ट्रीय ठेवा. उंच रेशमावर मधोमध एक पांढरी धार. वर डोंगराआडून डोकावणारं बिंब, तळाशी देवळाचं छप्पर. निसर्गचित्र समजून पुढे जाल तर फसाल. वाकायामा भागातला १३३ मीटर उंचीचा हा धबधबा स्वतःच देव मानतात. त्याची वेगळी मूर्ती नाही. म्हणजे हे देवाचं चित्र आहे, टाकावर कोरलेल्या खंडोबाइतकंच.

आणि आता कापलेलं चित्र. मु-छी नावाचा चिनी बौद्ध भिक्षू तेराव्या शतकात शाईने चित्रं काढायचा. चीनमधल्या जाणकारांना तो ओबडधोबड वाटला. जपानी भिक्षूंनी त्याची चित्रं आपल्याकडे नेली आणि तिथे त्याला डोक्यावर घेतलं, इतकं की त्याचं नाव आज मुख्यतः जपानमधल्या चित्रांवर टिकून आहे. नेझूकडचं त्याचं चित्र म्हणजे संध्याकाळच्या तिरप्या उन्हातलं मच्छीमारांचं गाव. धुक्यातून उतरणारे किरण, डोंगराच्या पायथ्याशी चार छपरं, पाण्यावर टिकलीएवढ्या होड्या. हे मुळात लांबलचक आडव्या गुंडाळीतलं एक दृश्य होतं, अशी आठ दृश्यं एकामागे एक. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, आशिकागा योशिमित्सुकडे ती गुंडाळी आली. त्याने ती कापली. आठ तुकडे, प्रत्येक भिंतीवर टांगण्याजोगा, त्यावर स्वतःची मोहोर. आज ते तुकडे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेले आहेत.

आजच्या संवर्धकाला हे ऐकून घाम फुटेल. पण ‘जपानी आणि पूर्व आशियाई कला’ अशी पाटी एकाच इमारतीवर का असते, त्याचं उत्तर या कात्रीत आहे. चीन आणि कोरियाच्या वस्तू जपानमध्ये आल्या, त्यांना जपानी कोनाड्याच्या मापात बसवलं गेलं, जपानी नावं दिली गेली, जपानी पेट्या मिळाल्या. इथली चिनी कला म्हणजे जपानी डोळ्यांनी निवडलेली चिनी कला. बीजिंग किंवा तैपेईच्या संग्रहालयात जी चिनी चित्रकला दिसते तिच्याशी ती पूर्ण जुळत नाही, आणि तेच तिचं वैशिष्ट्य.

गळक्या छपराचा वाडगा

वरच्या मजल्यावर एक दालन चहाच्या वस्तूंचं आहे. त्या महिन्याला शोभेल अशा चहाच्या बैठकीची सगळी सामग्री तिथे मांडतात: कोनाड्यातलं चित्र, फुलदाणी, पाण्याचं भांडं, चहाच्या भुकटीची डबी, वाडगा. बरेच पाहुणे दोन मिनिटांत बाहेर पडतात, कारण वाडगे दिसायला अगदीच साधे. कडा वाकडी, रंग मळका. इथे थोडं थांबावं लागतं.

सोळाव्या शतकातला कोरियातला एक वाडगा घ्या. भरडसर मातीचा, निळसर-करड्या झिलईचा, ‘इदो’ जातीचा. अशी भांडी तिकडे रोजच्या वापरातली असावीत असं मानलं जातं. जपानमध्ये चहाच्या उस्तादांना त्यांच्यात दिखाऊपणाचा अभाव दिसला आणि तीच मोलाची गोष्ट ठरली. नेझूमधल्या वाडग्याचं नाव ‘शिबाता’. होय, वाडग्याला नाव असतं. सरदार ओदा नोबुनागाने तो आपला सेनानी शिबाता कात्सुइए याला दिला, त्यावरून हे नाव पडलं. नोबुनागा पराक्रमाबद्दल चहाची भांडी बक्षीस देत असे, आणि ते बक्षीस म्हणजे केवढा मान होता हे आपल्याला समजायला जरा वेळ लागतो. आपल्याकडे जिथे जहागीर किंवा वतन मिळायचं, तिथे यांच्याकडे मूठभर मातीचा वाडगाही चालायचा.

दुसऱ्या एका कोरियन वाडग्याचं नाव ‘आमामोरी’, म्हणजे पावसाची गळती. फिक्या झिलईतून आत ओल मुरली आणि वर डाग उमटले, गळक्या छताला उमटतात तसे. मुंबईत इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहिलेल्या कुणालाही हे डाग ओळखीचे वाटतील. आपण सोसायटीला पत्र लिहितो, त्यांनी त्या डागाला नाव दिलं आणि सरकारने पुढे वाडग्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला.

किंत्सुगीबद्दल एक कंस. फुटलेलं भांडं उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने जोडून सांध्यावर सोन्याची भुकटी द्यायची, ही दुरुस्तीची पद्धत. तिच्यावर हल्ली समाजमाध्यमांवर इतकं जीवन-तत्त्वज्ञान चढवलंय की भांडं दिसेनासं झालंय. दालनात सोनेरी रेघ दिसली तर आधी एवढंच बघा की दुरुस्ती कुठे आहे, किती आहे, आणि कारागिराने सांधा लपवायच्या ऐवजी उघडा का ठेवला असेल.

आणि वाडग्याशेजारी लाकडी पेटी मांडलेली असेल तर ती नक्की बघा. झाकणावर वळणदार अक्षरांत वाडग्याचं नाव, कधी ते देणाऱ्या उस्तादाची सही. मालक बदलला की पेटीला बाहेरून आणखी एक पेटी. अशा एकात एक तीन पेट्याही असतात. आपल्याकडे जमिनीचा सातबारा, तसा वाडग्याचा हा उतारा. पेटी हरवली तर वाडग्याची किंमत घसरते.

ओळखीचे देव

मूर्तींच्या दालनात मराठी माणसाला इतर पाहुण्यांपेक्षा एक फायदा आहे, आणि तो घ्यावा. जपानी बौद्ध देवमंडळात नावाच्या शेवटी ‘तेन’ असलेले बहुतेक जण आपले जुने ओळखीचे आहेत. ‘तेन’ हा देव या शब्दासाठी वापरलेला शब्द. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात तंतुवाद्य घेतलेली. किचिजोतेन लक्ष्मी. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर, पण चिलखत घातलेला. ताइशाकुतेन इंद्र, बोनतेन ब्रह्मा. दाइकोकुतेन महाकाल, जो तिकडे पोचेपर्यंत चांगला हसरा, पोतंवाला झाला. कानगितेन गणपती, आणि त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी लोकांसमोर आणतच नाहीत. बोधिसत्त्वांत कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, जिझो म्हणजे क्षितिगर्भ. ज्वाळांत बसलेला, दात-ओठ खाणारा फुदो म्यो-ओ म्हणजे अचल.

काही चित्रांत मूर्तीच्या जागी फक्त एक अक्षर दिसेल, कमळावर ठेवलेलं. ते चिनी नाही. ती सिद्धम लिपी आहे, आपल्या नागरीची चुलत बहीण. कूकाई नावाचा भिक्षू ८०६ मध्ये चीनमधून परतला तेव्हा त्याने मंत्रमार्गाबरोबर ही अक्षरविद्याही आणली. एकेक बीजाक्षर एकेका देवाचं: अमिताभाचं ‘ह्रीः’, अवलोकितेश्वराचं ‘स’, महावैरोचनाचं ‘अ’. शेजारचा जपानी पाहुणा ते अक्षर वाचू शकत नसण्याची शक्यता बरीच असते. तुम्ही थोडा प्रयत्न केलात तर वाचाल.

पेटीत ठेवण्याची सवय इथेही आहेच. जपानी देवळांत ‘हिबुत्सु’ म्हणजे झाकलेल्या मूर्ती असतात. नागानोच्या झेंको-जीची मुख्य मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. तिच्या जागी असलेली प्रतिमा दर सहा वर्षांनी एकदा उघडतात, आणि जपानी मोजणीत त्याला सातवं वर्ष म्हणतात.

चिनी ब्राँझचं दालन मात्र या सगळ्याला अपवाद. ही भांडी पेटीतून नाही, थडग्यांतून आली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग काळातली, पितरांना अन्न आणि मद्य अर्पण करायची. दोन मेंढे पाठीला पाठ लावून उभे आणि त्यांच्या पाठीवर पात्र, हे इथलं सगळ्यात प्रसिद्ध भांडं. त्याची जवळची भावकी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. धातूला उजेडाचं भय नसल्यामुळे ही दालनं बहुधा रिकामी नसतात. बाकी काही हुकलं तरी इथे काहीतरी हाती लागतं.

रेल्वेवाल्याचं घर

हा सगळा संग्रह नेझू काइचिरो (१८६०–१९४०) या उद्योगपतीचा. यामानाशी भागातला माणूस. तोबू रेल्वेचा अध्यक्ष, बुडीत कंपन्या घेऊन चालत्या करणारा. चहाच्या नादाने वस्तू जमवू लागला. कोरिनचे पडदे त्याने १९१३ मध्ये घेतले. त्याआधी ते क्योतोच्या निशी होंगान-जी मठात होते. तो गेल्यावर मुलाने १९४० मध्ये संस्था स्थापन केली आणि १९४१ मध्ये त्याच्या राहत्या जागेवर संग्रहालय उघडलं. आज ७,००० हून जास्त वस्तू आहेत. कुठल्याही एका दिवशी त्यातला अगदी छोटासा भाग बाहेर असतो.

सध्याची इमारत २००९ ची, केंगो कुमा या वास्तुरचनाकाराची. रस्त्याच्या बाजूला आओयामाची महागडी दुकानं आहेत. तिथून आत वळलं की एका हाताला बांबू, डोक्यावर लांब उतरलेली कौलारू वळचण, आणि त्याखालून इमारतीच्या कडेने चालत दाराशी जायचं. तेवढ्या पन्नासेक पावलांत रस्त्याचा आवाज मागे पडतो. मागची बाग १७,००० चौरस मीटरची, उताराची. तळं, दगडी दिवे, चहाच्या चार झोपड्या. एप्रिलच्या शेवटी तळ्यात खरी काकित्सुबाता फुलते, आणि आत कोरिनची असते. प्रदर्शनाचा महिना त्यावरूनच ठरलाय. एक सल्ला: आधी चित्र बघा, मग बाग. उलट केलं तर चित्रात फुलं किती नेमकी आली आहेत तेवढंच तपासत बसाल.

व्यवहाराचं थोडक्यात. ओमोतेसांदो स्थानकापासून आठ-दहा मिनिटं चालत. सोमवारी बंद, आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांतही बंद. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. निघण्याआधी काय मांडलंय ते बघा आणि प्रवेशाची वेळ ऑनलाइन ठरवून घ्या. आयरिस बघायचे असतील तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा, त्या आठवड्यात अख्ख्या जपानला सुट्टी असते. दालनांत फोटो काढता येत नाहीत, बागेत येतात. टिपणं घ्यायची असतील तर पेन्सिल न्या. पाट्यांवर काळाचं नाव दिसेल: कामाकुरा म्हणजे ११८५ ते १३३३, मुरोमाची म्हणजे त्यानंतर साधारण १५७३ पर्यंत, एदो म्हणजे सतराव्या शतकापासून १८६८ पर्यंत. कोरियाचा जोसोन काळ १३९२ ते १९१०. एवढ्यावर बरंच भागतं. आणि एकाच भेटीत जपानी कलेचा सगळा आवाका बघायचा असेल तर नेझू ती जागा नाही. टोकियोतल्याच उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथेही वस्तू फिरत्याच असतात, पण दालनं पुष्कळ आहेत.

मुंबईकरांना सुरुवात घरूनही करता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चीन-जपानच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्याकडून आलेला. दोराबजी आणि नेझू यांच्या वयात एकच वर्षाचं अंतर. दोघेही उद्योगातले, दोघेही एकाच काळात पूर्व आशियाच्या वस्तू जमवणारे. पण टाटांनी घेतल्या त्या दिवाणखान्यात दिसाव्यात अशा वस्तू: पोर्सिलेन, जेड, बारीक कोरीव काम. एखाद्या सकाळी ते दालन बघून या आणि प्रत्येक कपाटापुढे एकच प्रश्न विचारा, ही वस्तू मांडून ठेवायला बनली होती की काढून बघायला. टोकियोला पोचेपर्यंत नजर तयार झालेली असेल.